लिस्बन बघायचं कसं: आधी भूकंप, मग मिरी

लिस्बनला जायचं ठरलं असेल तर ती "टॉप २० ठिकाणं" वाली लिस्ट आधी बाजूला ठेवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तसंच केलेलं, मॅपवर वीस पिना टाकल्या आणि दोन दिवस टेकड्या चढत उतरत बसलो, संध्याकाळी हॉटेलवर येऊन फोटो बघितले तर कुठलं चर्च कुठलं तेच कळेना. दुसऱ्या खेपेला आईबाबांना घेऊन गेलो, तेव्हा मात्र नीट ठरवून फिरलो, तीन दिवसांत, आणि तेच इथे सांगतोय.

मी वसईचा. किल्ल्यात खेळत मोठा झालो, त्यामुळे पडकी पोर्तुगीज चर्चं काय ते मला वेगळं सांगायला नको. पण हे सगळं बांधणारे लोक आले कुठून, त्यांचं गाव कसं होतं, हा प्रश्न तिशीपर्यंत कधी पडलाच नव्हता. कोकण, गोवा, मुंबई, वसई, चौल, ह्यातलं कुठलंही तुमचं असेल तर लिस्बन म्हणजे आपल्याच गोष्टीचं दुसरं टोक आहे असं समजून फिरा, फार मजा येते.

फिरताना दोनच प्रश्न डोक्यात ठेवायचे. समोरची इमारत १७५५ च्या आधीची की नंतरची? आणि ती बांधायला पैसा कुठून आला? बस, एवढ्यावर अर्धं शहर उलगडतं.

१ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्सचा सण, सकाळी साडेनऊ वाजून गेलेले, लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या. तेवढ्यात जमीन हादरली. चर्चं कोसळली, लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, तर तिथे थोड्या वेळात त्सुनामीचं पाणी आलं, आणि जे वाचलं ते आगीत गेलं, आग कितीतरी दिवस चालू होती. हजारो माणसं मेली. राजा जुझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर होता म्हणून वाचला, पण त्याने एवढी धास्ती घेतली की पुढे दगडी छताखाली झोपायलाच तयार नव्हता, वर आजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी बांधकामाचा राजवाडा करून राहिला. शहर परत उभं करायचं काम त्याच्या मंत्र्याने केलं, तोच पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला.

म्हणून सुरुवात करायची ती त्याने उभारलेल्या भागातून, बायशामधून. मेट्रोने तेर्रेइरो दो पासो स्टेशनला उतरा, बाहेर आलात की समोर नदी आणि तीन बाजूंनी पिवळ्या कमानींचा प्रचंड चौक, प्रासा दो कोमेर्सियो. गंमत अशी की ह्या चौकाला जुने लोक अजूनही तेर्रेइरो दो पासोच म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं अंगण, आणि राजवाडा तर १७५५ मध्येच गेला. मध्ये घोड्यावर तोच घाबरलेला जुझे राजा बसलाय, पुतळा १७७५ चा. ह्याच चौकात १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लुश आणि त्याच्या मोठ्या मुलाला बग्गीत गोळ्या घातल्या, त्यानंतर पावणेतीन वर्षांत, १९१० मध्ये, राजेशाहीच संपली. ह्यांची नावं लक्षात असू द्या, उद्या परत भेटणारेत.

चौकातून नदीकडे पायऱ्या उतरतात, दोन खांब पाण्यात उभे आहेत, तिथे पाच मिनिटं नुसतं बसा. गोव्याहून मिरी, दालचिनी, कापड घेऊन आलेली जहाजं ह्याच काठाला लागायची. तेजो नदी इथे एवढी रुंद आहे की आई म्हणाली, "ही खाडी आहे, नदी कसली." बरोबरच आहे म्हणा, खारं पाणीच ते.

मग कमानीतून आत शिरा. रस्ते एकदम सरळ, काटकोनात, कारण हे आखून केलेलं शहर आहे. नावं बघा रस्त्यांची, सोनारांचा, चांदीवाल्यांचा, मोच्यांचा, आपल्या पेठांमध्ये तांबट आळी, बोहरी आळी असते तसंच. इमारती सगळ्या सारख्या दिसतात, थोड्या बोअर पण वाटतात, पण खरी करामत भिंतीच्या आत आहे. पोम्बालच्या इंजिनिअरांनी भिंतीत लाकडाचा पिंजरा घातला, उभी आडवी आणि तिरकी लाकडं, म्हणजे धक्का बसला तर दगड पडेल पण पिंजरा हलून परत जागेवर येईल. मॉडेल करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि ते टिकतं का बघितलं असं सांगतात. भूकंपाचा विचार करून अख्खी वस्ती बांधायचा युरोपातला हा फार सुरुवातीचा प्रयोग. कोर्रेइरोसच्या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात आधी बुकिंग करून फुकट टूर मिळते, तिथे खाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आहेत, तीही बघाच. दोन हजार वर्षं झाली तरी ह्या गावाचा मूळ धंदा खारे मासेच, आपल्याला त्याचं काय नवल.

पुढे रोसियोचा चौक. खाली काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत फरशीत, बघून गरगरायला होतं. इथे एक धोक्याची सूचना: लिस्बनचे फुटपाथ म्हणजे छोटे छोटे चुनखडीचे चौकोनी दगड, लाखो पावलांनी घासून साबणासारखे गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की संपलंच. आईने हौसेने नव्या सँडल घातलेल्या, उतारावर सर्रकन खाली बसली, नशीब पर्स मध्ये आली. स्पोर्ट्स शूज, चांगल्या ग्रिपचे, बाकी काही नाही.

रोसियोच्या वरच्या टोकाला जे नॅशनल थिएटर आहे त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये जे इन्क्विझिशन सुरू झालं त्याचं मूळ हे. शेजारच्या साओ दोमिंगो चर्चमध्ये जरूर जा, प्रवेश फुकट. बाहेरून साधं आहे पण आत पाऊल टाकलं की बोलणंच थांबतं. भूकंपानंतर परत बांधलं, मग १९५९ मध्ये आग लागली, आणि दुरुस्त करताना त्यांनी जखमा तशाच ठेवल्या. खांब भाजून फुटलेले, दगडाचे टवके उडालेले, आणि वर छत एकदम विटकरी रंगाचं. मी एका खांबाला हात लावून बघितला, शिळ्या भाकरीसारखा खरखरीत आणि भेगाळलेला. १५०६ मध्ये ह्याच चर्चपासून ज्यूंची कत्तल सुरू झाली होती, बाहेर त्याचं स्मारक आहे, २००८ मध्ये बसवलेलं.

आता वर कार्मोला जायचंय. सगळे टुरिस्ट सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी तासभर लायनीत उभे असतात. लिफ्ट छान आहे, १९०२ ची, ४५ मीटर उंच, पण तुम्ही रोसियोवरून दहा मिनिटं चालत वर या, लिफ्टचा वरचा पूल कार्मोच्या मागेच उघडतो. लिफ्ट खालून बघण्यात जास्त मजा आहे.

कार्मोचा मठ १३८९ चा. १७५५ ला छत पडलं, दुरुस्ती सुरू झाली, अर्ध्यात थांबली, आणि मग लोकांना ते तसंच आवडायला लागलं. नुसत्या कमानी आणि वर आकाश. बाबा दारातच थांबले आणि म्हणाले, "अरे हे तर आपल्या किल्ल्यातलं." खरंच तसंच आहे, फक्त इथे गवत कापलेलं असतं आणि तिकीट आहे. वसईची चर्चं मात्र भूकंपाने नाही पडली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले आणि मग ती ओस पडत गेली. म्हणजे कार्मो पडलं त्याच्या सोळा वर्षं आधीच वसई लिस्बनच्या हातातून सुटली होती.

मठासमोरचा छोटा चौक सोडू नका. २५ एप्रिल १९७४ ला इथल्या बराकीत पंतप्रधान मार्सेलो काएतानो लपून बसला होता आणि बाहेर रणगाडे, सैनिक आणि हजारो लोक. आदल्या रात्री रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं, तो इशारा, तरुण कॅप्टन लोकांनी सैन्य घेऊन लिस्बन गाठलं आणि ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात पडली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोचली म्हणून ती कार्नेशन क्रांती. अगदीच रक्त सांडलं नाही असं नाही, गुप्त पोलिसांनी ऑफिसच्या खिडकीतून गर्दीवर गोळीबार केला त्यात चार जण गेले, आणि त्या ऑफिसच्या जागी आता लक्झरी फ्लॅट आहेत, काय बोलायचं. आपल्यासाठी ह्याचं महत्त्व असं की गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी हुकूमशहा सालाझारने शेवटपर्यंत ते मानलं नव्हतं. भारतातलं विलीनीकरण पोर्तुगालने मान्य केलं ते ह्या क्रांतीनंतर, १९७४ संपता संपता झालेल्या करारात.

दुसरा दिवस टेकडीचा. इथे ट्राम २८ चं सगळ्यांना वेड असतं. बसा, पण सकाळी आठच्या आत, नाहीतर विरार लोकल परवडली, आणि पाकीट पुढच्या खिशात, कारण खिसेकापू तिथे नोकरीवर आल्यासारखे येतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी खास टीप: बायशामधल्या फांकेरोसच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, वर जाऊन थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट, आणि तुम्ही किल्ल्याच्या बऱ्याच जवळ पोचता. बाबांनी ह्या लिफ्टचं कौतुक इतक्या लोकांना सांगितलं की किल्ल्याचं काही सांगायचं राहूनच गेलं.

किल्ला साओ जॉर्ज. ११४७ मध्ये अफोन्सो एन्रिकेश ह्या पहिल्या पोर्तुगीज राजाने क्रुसेडवर निघालेल्या लोकांची मदत घेऊन तो मूर लोकांकडून, म्हणजे इथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, जिंकला. मार्तिम मोनिझ नावाचा सरदार म्हणे दरवाजा बंद होऊ नये म्हणून स्वतः फटीत आडवा पडला आणि तिथेच चिरडून मेला, दंतकथा असेल, पण त्याच्या नावाचा चौक खाली आहे आणि तिथे आता हळद, तांदूळ, पापड सगळं मिळतं. खरं सांगू का, किल्ल्याचा आज दिसतो तो बराचसा भाग सालाझारच्या काळात नव्याने रचलेला आहे, राजगड सिंहगड चढलेल्या माणसाला फार काही वाटणार नाही. व्ह्यूसाठी आणि मोरांसाठी जा. मोर तटबंदीवर बसून ओरडत असतात.

उतरताना सांता लुझियाच्या गच्चीवर थांबा. सगळे नदीकडे तोंड करून सेल्फी घेतात, तुम्ही मागे वळा. चर्चच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं मोठं चित्र आहे, त्यात भूकंपाच्या आधीचा तो नदीकाठचा चौक दाखवलाय, राजवाड्यासकट. काल जिथे बसलो होतो तीच जागा, पण वेगळंच शहर. माझ्या मते पूर्ण लिस्बनमधली ही सगळ्यात कामाची भिंत.

खाली आल्फामा, नाव अरबीतून आलेलं, गरम झऱ्यांवरून. हा भाग खडकावर असल्यामुळे भूकंपात बराच तग धरून राहिला, म्हणून गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या. मॅप बंद करा आणि उतारावर चालत रहा, कितीही चुकलात तरी खाली नदीलाच लागता. वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसलेल्या आज्या, सार्डिन भाजल्याचा वास. फाडो, म्हणजे इथलं दर्दभरं गाणं, ऐकायचं तर छोट्या जागेत, गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, ताटवाट्यांचा आवाजही चालत नाही, एकदम बैठकीसारखं.

आल्फामाच्या वरच्या अंगाला साओ विसेंते दे फोराचा मठ आहे, आणि मुंबईकरांनी तर इथे यायलाच हवं. जुन्या भोजनगृहात ब्रगांझा घराण्याच्या कबरी आहेत. कालचा कार्लुश राजा आणि त्याचा मुलगा इथेच, शेजारी रडणाऱ्या बाईचा पुतळा. आणि ह्याच दालनात ब्रगांझाची कॅथरिन. तीच ती, १६६१ च्या लग्नाच्या करारात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला गेली. त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली, आज वडाळ्याला पार्किंग पण येणार नाही तेवढ्यात. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. मुंबईत तिने कधी पाऊलही ठेवलं नाही.

तिथून पाच मिनिटांवर पांढरा घुमट दिसतो, तो नॅशनल पँथिऑन, सांता एन्ग्रासियाचं चर्च. १६८२ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. पोर्तुगीज भाषेत रखडलेल्या कामाला आजही "सांता एन्ग्रासियाचं काम" म्हणतात, आपल्या मुंबई गोवा हायवेला अजून बराच वाव आहे म्हणायचा. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर शेजारी जुना बाजार भरतो, जुन्या टाइल्स, नाणी, पोस्टकार्डं. घासाघीस चालते.

जेवणाचं मध्येच सांगून टाकतो. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं, ते फुकट नसतं, खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट मानत नाही. आम्ही पहिल्या दिवशी सगळं फस्त केलं आणि बिल बघून गप्प बसलो. शाकाहारी लोकांनी काल्दो वेर्दे सूप मागवताना नीट विचारा, दिसतं पालेभाजीचं पण त्यात सॉसेजचा तुकडा पोहत असतो. कॅफेच्या काचेत शामुसा दिसेल, तो समोसाच. आणि मेनू वाचताना आपण आपोआप पोर्तुगीज शिकतो: पांव म्हणजे पाव, बटाटा म्हणजे बटाटा, कोव्ह म्हणजे कोबी, अननस तर अननसच. हॉटेलवाल्याने "शाव्ह" म्हणून हातात चावी ठेवली तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिसरा दिवस बेलेमचा, सोमवार सोडून, सोमवारी मठाचं म्युझियम बंद. ट्राम १५ जाते पण खचाखच असते, त्यापेक्षा कायश दो सोद्रे स्टेशनवरून कश्कायशची लोकल पकडा, डावीकडे खिडकी, पूर्ण वाट नदी. वाटेत लाल झुलता पूल लागतो, १९६६ ला सालाझारच्या नावाने उघडला, क्रांतीनंतर २५ एप्रिल पूल झाला.

आता इथे दुसरा प्रश्न, पैसा कुठून आला. जेरोनिमोस मठ मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला तो मसाल्याच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून. सरळ सांगायचं तर मलबारच्या मिरीवर. दगडात दोरखंड, गाठी, शिंपले, पोवळी कोरलीत, हे सगळं जहाजावरचं सामान दगडात आणलंय, ह्या शैलीला मानुएलाइन म्हणतात, आणि १७५५ मध्ये हा मठ बऱ्यापैकी वाचला म्हणून आपल्याला बघायला मिळतो. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंश. वास्को १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला मेला, तिथेच पुरला, काही वर्षांनी पोर्तुगालला नेला, आणि ह्या मठात आणला तो थेट १८८० मध्ये. पुढे वेदीजवळ जा, राजांच्या कबरी दगडी हत्तींच्या पाठीवर आहेत. ते हत्ती बघून मला कसं वाटलं हे नीट सांगता येत नाही, पण बाबा बराच वेळ तिथून हलले नाहीत.

रस्ता ओलांडून नदीकाठी डिस्कव्हरीजचं स्मारक, जहाजाच्या नाळेसारखं. जुनं वाटतं पण १९६० चं आहे, सालाझारच्या साम्राज्याची जाहिरात, आणि पुढच्याच वर्षी गोवा गेला.

बेलेम टॉवरला डागडुजीसाठी २०२५ मध्ये कुलूप लागलं होतं, तेव्हा जायच्या आधी चेक करा, पण आपल्या कामाची वस्तू बाहेरच आहे. पश्चिमेच्या बाजूला कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजाच्या बुडाशी बघा, झिजलेलं एक डोकं दिसेल. गेंडा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, त्याने गोव्याहून जहाजावर चढवून राजाला पाठवला, आणि १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं ते जगप्रसिद्ध चित्र केलं ते स्वतः न बघता, दुसऱ्याच्या वर्णनावरून. मग राजाने त्याला पोपकडे पाठवला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं, साखळदंडात होता बिचारा. पोर्तुगीज त्याला "गांदा" म्हणायचे.

बेलेमला पास्तेल दे नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, खायचेच. त्या दुकानासमोर रांग दिसली तरी घाबरू नका, ती पार्सलची असते, आत बसायला मोठी जागा आहे. दुकान १८३७ पासूनचं. गरम असताना वरून दालचिनी भुरभुरवून खा.

आणि वेळ असेल तर एक शेवटचं, हे कुठल्याच टूरमध्ये नाही. बेलेमवरून त्याच लाइनवर पुढे काशियास स्टेशन आहे, एक्स्प्रेस लोकल थांबत नाही, स्लो पकडा. वरती टेकडीवर काशियासचा तुरुंग. सांगलीचे मोहन रानडे, गोव्यात मराठी शिकवायला गेलेले मास्तर, आझाद गोमंतक दलात होते, १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे इथे आणून ठेवले. गोवा सुटला १९६१ मध्ये, ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. तुरुंग अजून चालू आहे, आत जाता येत नाही. आम्ही स्टेशनवर उतरलो, समोर समुद्र, मुलं पोहत होती, बाबांनी टेकडीकडे बघून टोपी काढली, बाकावर बसलो, आणि पुढच्या गाडीने परत फिरलो. परतीची गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर येते, जिना भुयारातून आहे.